गरम पाण्याची धार बारीक: सफाई करायची, पाइप बदलायचा, टाकी चढवायची की पंप लावायचा?

न्हाणीघरात गरम पाण्याची धार बारीक झाली की पहिला संशय गिझरवर जातो. दुकानदार नवा गिझर दाखवतो, प्लंबर पंप सुचवतो, गवंडी म्हणतो टाकीखाली चार थर चिरे चढवू. तिघांचीही सूचना कुठल्या ना कुठल्या घरात बरोबर असते. तुमच्या घरात कोणाचं ऐकायचं ते १० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ सांगतं, आणि त्याला दहा मिनिटं पुरतात.

एक लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओतून बादलीवर खूण करा. मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड मिसळणाऱ्या नळाच्या, एकाच तोटीतून आधी फक्त थंड पाणी पूर्ण उघडून खुणेपर्यंत भरा आणि सेकंद लिहून ठेवा. मग फक्त गरम. गरमला थोडा जास्त वेळ लागणारच, कारण पाणी गिझरच्या आतून फेरी मारून येतं. थंडाला ७० सेकंद आणि गरमला १०० लागले तर गिझर ठीक आहे. थंडाला ७० आणि गरमला १८०-२०० लागले तर अडथळा गिझरच्या वाटेवर आहे आणि तिथे पंपावर पैसे घालणं चूक. दोन्हींना अडीच-तीन मिनिटं लागत असतील तर गिझर निर्दोष आहे. दाब तरी कमी आहे किंवा पाइप तरी अरुंद. खालच्या नळाला दोन्ही धारा चांगल्या आणि शॉवरला मात्र पाणी ठिबकतं, तर प्रश्न उंचीचा किंवा शॉवरच्या चाळणीचा.

थंड देशांत राहणाऱ्या नातेवाइकांकडच्या कॉम्बी बॉयलरलाही हीच परीक्षा लागू पडते. तोही वाहतं पाणी जाता जाता तापवतो, आपल्या गॅस गिझरचाच तो मोठा भाऊ. तिथे थंड पाण्याच्या तोंडाची जाळी किंवा आतला पत्र्यांचा उष्णता-बदलक क्षाराने तुंबतो. आपल्याकडे कोकणात काय तुंबतं ते विहिरीवर अवलंबून आहे.

अडथळा गिझरच्या वाटेवर असेल तर

गॅस गिझर असेल तर पाना हातात घेण्याआधी समोरचे खटके बघा. त्यातला एक पाण्याचा असतो. तो ‘जास्त गरम’कडे फिरवला की आतली वाट अरुंद होते, पाणी हळू जातं आणि म्हणून जास्त तापतं. किनारपट्टीवर टाकीतलं पाणी बहुतेक वर्षभर २४ ते २८ अंशांचं असतं. अंघोळीला ४० अंश पुरतात, म्हणजे वाढवायचे जेमतेम १५ अंश. साध्या ६ लिटरवाल्या गॅस गिझरची ताकद साधारण १० किलोवॉट धरली तर तो मिनिटाला ९-१० लिटर पाणी १५ अंशांनी वाढवू शकतो. खोक्यावरचे ६ लिटर २५ अंशांच्या वाढीला असतात. तेव्हा कोकणात पाण्याचा खटका पूर्ण उघडा, ज्योतीचा खटका उन्हाळ्यावर, हीच योग्य बैठक. पाणी कढत येतं म्हणून थंड मिसळत बसायचं आणि धार बारीक म्हणून कुरकुरायचं, ही तक्रार कित्येक घरांत या दोन खटक्यांवरच मिटते. खर्च शून्य.

तेवढ्याने भागलं नाही तर थंड पाण्याच्या तोंडाची जाळी काढा. गॅस बंद, सेल बाहेर, अँगल कॉक बंद, मग कनेक्शन पाइपची चाकी सोडवा. तोंडात नखाएवढी बारीक जाळी दिसेल, ती जुन्या टूथब्रशने घासा. पावसाळ्यात नळपाणी योजनेचं पाणी तांबूस येतं तेव्हा ही जाळी महिन्या-दीड महिन्यात लाल चिखलाने भरते. तिच्याबरोबर कनेक्शन पाइपचा रबरी वॉशरही तपासा. चाकी फार आवळली की वॉशर आत सरकून भोक अर्धं झाकतो. टेफ्लॉन टेपचं सुटलेलं शेपूटही इथेच अडकतं. बाहेरून जाळीदार दिसणाऱ्या कनेक्शन पाइपच्या आत रबराची नळी असते. गरम बाजूची ती काही वर्षांत फुगून आतून अरुंद होते आणि बाहेरून काहीच कळत नाही. काढून उजेडाकडे धरा. भोक वाकडंतिकडं दिसलं तर बदला.

आता नेमका अडथळा कुठे आहे ते पकडायचं असेल तर गिझरच्या गरम बाजूचा पाइप सोडून थेट बादलीत धरा. गॅस बंद आणि सेल काढलेलेच असू देत. इथे धार जोरात आली तर गिझर मोकळा आहे, पुढच्या पाइपात किंवा मिक्सरमध्ये शोधा. इथेही बारीकच आली तर गिझरच्या आत किंवा त्याच्या आधी.

गॅस गिझरच्या आत दोन जागा. एक पाण्याच्या दाबाने हलणारा रबरी पडदा, जो पुढे सरकून खटका दाबतो आणि ज्योत पेटते. दुसरी तांब्याची कॉइल. पडदा कडक झाला तर पाणी येतं पण गिझर पेटत नाही. तो धारेचा आजार नाही, फक्त दिसायला तसा वाटतो. कॉइल तुंबली तर धारच मरते. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ, किंचित आम्ल आणि लोहाचं असतं. त्याचा पांढरा थर फारसा बसत नाही, तांबडा गाळ मात्र साचतो. खाडीकाठच्या आणि वाळूतल्या विहिरींचं उलट: एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होत जातं, कॉइलमध्ये पांढरा टणक थर धरतो आणि धातूही खातं.

दोन्हींवर औषध एकच, लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल. एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. गिझर भिंतीवरून उतरवून कॉइलमध्ये हे पाणी भरा, अर्धा-पाऊण तास ठेवा, ओता, पुन्हा भरा. थर पांढरा असेल तर फेस येतो. फेस थांबला की थर सुटला. शेवटी साध्या पाण्याने पाच मिनिटं भरपूर खळबळून घ्या. तांब्याचा बंब चिंचेने किंवा आमसुलाने घासतात त्यातलंच हे शास्त्र, फक्त आतल्या बाजूने. संडास धुवायचं ॲसिड कॉइलमध्ये कधीही घालू नका. ते थराबरोबर तांबं आणि झाळकामही खातं, आणि दोन महिन्यांनी कॉइल गळायला लागली की गिझरच्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नसतो.

विजेच्या टाकीवाल्या गिझरमध्ये गरम पाणी बाहेर येतं ते आत शिरणाऱ्या थंड पाण्याच्या रेट्याने. म्हणून धार बारीक झाली की गरम बाजूपेक्षा थंड बाजूला आधी बघायचं. तिथल्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगची एकदिशा झडप असते. तिच्यात वाळूचा कण किंवा क्षार अडकला की ती अर्धीच उघडते. मुख्य स्विच बंद करा, पाणी निवू द्या, थंड बाजूचा कॉक बंद करा, गरम नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, मग व्हॉल्व्ह सोडवून खालून टाकी रिकामी करा. पहिलं पाणी गंजाचं, मग गाळ, मग स्वच्छ. व्हॉल्व्ह लिंबूफुलाच्या पाण्यात तासभर ठेवून धुवा. झडप बोटाने दाबल्यावर सहज आत जाऊन परत आली पाहिजे. ‘धारेला अडते’ म्हणून ती काढून टाकणारे कारागीर भेटतात, त्यांना हात जोडा. ती नसेल तर गरम पाणी उलटं थंड लाइनीत शिरतं आणि अख्खा व्हॉल्व्हच काढला तर टाकीतला जादा दाब सोडायला वाट राहत नाही. परत जोडल्यावर गरम नळातून सलग पाणी आल्याशिवाय स्विच लावायचा नाही. कोरड्या टाकीत कॉइल काही सेकंदांत जळते.

टाकी उघडलीच आहे तर मॅग्नेशियमची दांडी बघून घ्या. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. खाऱ्या पाण्याच्या भागात ती लवकर संपते आणि नुसती तार उरली असेल तर बदलायची. धारेशी तिचा थेट संबंध नाही, पण ती संपल्यावर सुटणारा गंज शेवटी शॉवरच्या चाळणीतच येऊन बसतो.

या सगळ्या सफाईला लिंबूफूल, वॉशर, फार तर दोन नवे कनेक्शन पाइप लागतात. काही शेकड्यांत काम होतं. बादलीने गिझरकडे बोट दाखवलं असेल तर याच्या पलीकडे काहीही विकत घेण्याआधी हे करून बघावं.

दोन्ही धारा बारीक असतील तर: उंचीचा हिशोब

१० मीटर उंचीवरचं पाणी १ बार दाब देतं. म्हणजे एका मीटरला ०.१ बार. बाकी सगळं यातून निघतं.

किनाऱ्यावरचं नेहमीचं घर घ्या. माजघर-पडवी कौलारू, मागे न्हाणीघर आणि संडास तेवढे स्लॅबचे, त्या स्लॅबवर ५०० लिटरची काळी टाकी. स्लॅब ९ फुटांवर, टाकीखाली एक फूट चिरा, म्हणजे टाकीचा तळ जमिनीपासून १० फुटांवर, साधारण ३ मीटर. बादलीचा नळ ३ फुटांवर, त्याला मिळाला सात फुटांचा, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आतबाहेर दाब. शॉवर ७ फुटांवर, त्याला उरले तीन फूट. ०.०९ बार. गॅस गिझरच्या पत्रकात किमान दाब बहुधा ०.२ ते ०.३ बार लिहिलेला असतो आणि पेटायला मिनिटाला साधारण अडीच लिटर पाणी वाहावं लागतं. म्हणजे या घरात गॅस गिझर नळावर कसाबसा पेटेल आणि शॉवरवर पेटणार नाही, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. गिझर बदलून हा आकडा बदलत नाही.

इथे तीन उपाय स्पर्धेत येतात: टाकी चढवणं, पाइप रुंद करणं, पंप लावणं.

टाकी की पाइप?

लोकांना टाकी चढवणं पटतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. हिशोब मात्र निराश करतो. धार उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला तर धार जेमतेम ४० टक्क्यांनी वाढते. नळाला २ मीटर दाब आहे आणि टाकी दीड मीटर चढवली तर धार तिसऱ्या हिश्शाने वाढेल. शॉवरला जिथे ०.९ मीटर आहे तिथे तीच दीड मीटर उंची धार दीडपटीच्या वर नेते. तेव्हा टाकी चढवण्याचा फायदा शॉवरवाल्यांना जास्त, बादलीवाल्यांना कमी.

आता पाइप बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी अर्ध्या इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या, पाइपातून नेलं तर दर मीटरला साधारण ७-८ सेंटिमीटर उंचीचा दाब घर्षणात जातो. तेच पाणी पाऊण इंचीतून नेलं तर दर मीटरला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर. अर्ध्या इंचीचा प्रत्येक एल्बो (वळणाचा जोड) म्हणजे आणखी अर्धा मीटर पाइप धरा. टाकीपासून गिझर आणि गिझरपासून शॉवर मिळून ६ मीटर पाइप आणि आठ एल्बो असतील तर झाले १० मीटर, आणि त्यांनी खाल्ला पाऊण मीटर दाब. शॉवरला होताच मुळात ०.९ मीटर! उरलेल्या पंधरा सेंटिमीटरमध्ये गिझर, मिक्सर आणि शॉवरची भोकं भागवायची आहेत. अशा घरात टाकीवर हात ठेवण्याआधी पाइप पाऊण इंची करा. टाकीतून निघताना एक इंच, गिझरच्या तोंडाशी येईपर्यंत पाऊण, शेवटचा फूटभर अर्धा. तेवढ्याच उंचीवर पाऊण इंची पाइप अर्ध्या इंचीच्या पावणेतीन-तीन पट पाणी वाहून नेतो. गिझर आणि नळाचा अडथळा तसाच राहत असल्याने प्रत्यक्षात धार तिप्पट होणार नाही, पण बदल डोळ्यांना दिसेल एवढा असतो.

जुन्या घरात लोखंडी जीआय पाइप असेल तर प्रश्नच नाही. आमच्याकडच्या पाण्याने तो आतून गंजाने भरतो. अर्ध्या इंचीच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं दिसतं. असा पाइप साफ होत नसतो, काढायचाच. गरम पाण्याला सीपीव्हीसी घ्या. साधा पांढरा यूपीव्हीसी गरम लाइनीला वापरला असेल तर तो मऊ पडून झोळ देतो आणि झोळाच्या वरच्या बाजूला हवा अडकते. कंपोझिट (प्लास्टिकच्या थरांत ॲल्युमिनियम असलेल्या) पाइपाच्या जोडण्या पाइपाच्या आत घुसतात, त्यामुळे प्रत्येक जोडावर भोक लहान होतं. पंपाच्या लाइनीला ते चालून जातं, उंचीवरच्या टाकीच्या लाइनीला नको.

काम नव्याने करून घेताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. सॉल्व्हंट सिमेंट (पाइप चिकटवायचं रसायन) पाइपाच्या बाहेरच्या अंगाला नीट आणि एल्बोच्या आत अगदी पातळ थरात लावायचं. एल्बोच्या आत भरपूर चोपडलं की ढकललेल्या पाइपासमोर त्याचा लगदा जमतो आणि अर्ध्या इंचीतली पाव वाट तिथेच बुजते. आणि गरम लाइन दारावरून उलट्या ‘यू’सारखी नेऊ देऊ नका. कमी दाबात त्या वरच्या कमानीत हवा साठते आणि पाणी गुळगुळ करत अडखळतं. पाइप टाकीपासून नळापर्यंत उतरताच असावा. कमान टाळता येतच नसेल तर तिच्या माथ्यावरून हवेची नळी टाकीच्या वर काढा.

टाकी चढवायचीच ठरली तर वजन विसरू नका. ५०० लिटर म्हणजे ५०० किलो, शिवाय स्टँड. स्लॅबच्या मधोमध चार पायांचं लोखंडी स्टँड ठेवलं की सगळा भार चार ठिपक्यांवर येतो. भिंतीच्या रेषेवर चिऱ्याचे दोन बांध घालून वर लाद्या टाकणं जास्त सुरक्षित, आणि खाऱ्या वाऱ्यात लोखंडी अँगलला दर दोन वर्षांनी रंग लावायची कटकटही नाही. रिकामी टाकी वाऱ्यात उडते, तेव्हा ती बांधून ठेवा. चढवलेल्या टाकीला वारा जास्त लागतो एवढं साधं गणित आहे.

पंप: फायदा मोठा, अटीही मोठ्या

तिन्हींत शॉवर खरा सुधारतो तो पंपाने. ०.१ बारवरून एकदम १ बार. पाऊसधारी मोठा शॉवर किंवा एकाच दांडीचा मिक्सर लावला असेल तर पंपाला पर्याय नाही. त्या वस्तू बहुमजली इमारतींच्या दाबासाठी बनवलेल्या असतात. कौलारू घरात त्या लावण्याआधी कोणी हे सांगत नाही, ही खरी पंचाईत.

पंप दोन जातींचे. लाइनीत बसणारा छोटा, ९०-१२० वॉटचा, आत पाणी वाहू लागलं की आपोआप सुरू होणारा. किंमत साधारण साडेतीन ते सहा हजार. दुसरा अर्ध्या हॉर्सपॉवरचा, दाबाच्या स्विचवर चालणारा, सोबत छोटी दाबटाकी असलेला. त्याची किंमत याच्या दुपटी-तिपटीची. छोटा स्वस्त आणि शांत, पण सुरू व्हायला त्याला मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी आधी वाहावं लागतं. वरच्या उदाहरणातल्या शॉवरला तेवढं पाणी आपसूक वाहत नसेल तर पंप चालूच होणार नाही. ‘पंप खराब निघाला’ म्हणून परत आणलेल्या कित्येक पंपांत दोष पंपाचा नसतो. अशा घरात आधी पाइप रुंद करा, मग छोटा पंप. किंवा थेट दाबाच्या स्विचचा घ्या, तो धार बघत नाही, दाब उतरला की सुरू होतो. त्याचा उलटा दोष असा की एखादा नळ ठिबकत असेल तर रात्रभर दर दहा मिनिटांनी गुरगुरतो.

पंप टाकीच्या मुख्य तोंडावर बसवा, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही लाइनींना सारखा दाब मिळेल. पैसे वाचवायला तो फक्त थंड लाइनीवर बसवला तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरमला मागे रेटतं, गॅस गिझर मधेच विझतो आणि अंगावर एकदम गार पाणी येतं. जोडाला दोन्ही बाजूंनी युनियन, म्हणजे हवा तेव्हा सोडवता येणारा जोड, घाला. आणि पंपाला वळसा घालून एक बाजूचा पाइप काढा, त्यात स्प्रिंगऐवजी लोंबत्या पत्र्याची एकदिशा झडप बसवा. लाइट गेली की पाणी या बायपासने टाकीच्या उंचीवर येत राहील. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेल्यावर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. बायपास नसलेला पंप तेव्हा पाण्याच्या वाटेत अडून बसलेला नुसता बोळा असतो. छोटा पंप घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. अर्ध्या हॉर्सपॉवरचा सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढतो, लहान इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो.

पंपानंतर दाबाची जबाबदारी गिझरवर येते. विजेच्या गिझरच्या पट्टीवर ६.५ किंवा ८ बार लिहिलेलं असेल तर निर्धास्त राहा. छोट्या स्वस्त गिझरवर याच्या निम्म्याहून कमी आकडा दिसला तर अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप त्याला जोडू नका. जुन्या जीआयच्या सांध्यांना पंपाचा दाब लागला की भिंतीत ओल दिसू लागते. आणि समुद्राकडच्या स्लॅबवर पंप उघडा ठेवला तर दोन पावसाळ्यांत त्याचे वायरचे टोक हिरवे पडतात. वरून झाकण हवं, पण चारही बाजूंनी बंद नको, मोटार तापते.

गिझरच बदलायचा असेल तर

दाब कमी असलेल्या घरात विजेचा टाकीवाला गिझर गॅसच्या गिझरपेक्षा समजूतदार. त्याला पेटायला किमान धारेची अट नसते. मिनिटाला दोन लिटर आलं तरी ते गरमच येतं. १५ लिटरची टाकी ६० अंशांवर तापली आणि २६ अंशांचं पाणी मिसळलं तर ४० अंशांचं ३०-३५ लिटर मिळतं, दोन माणसांच्या बादल्या. २ किलोवॉटचा असेल तर तापायला १८-२० मिनिटं. पण व्होल्टेज १८० वर घसरलं की ताकद साठ टक्क्यांवर येते आणि तीच टाकी अर्धा तास घेते. संध्याकाळी दिवे मंद होणाऱ्या वाडीत हे गृहीत धरून चाला.

३ लिटरचा झटपट गिझर ३ किलोवॉटचा असतो. १५ अंशांच्या वाढीला तो मिनिटाला तीन लिटरच्या आतच पाणी देऊ शकतो. धार बारीक म्हणून तो घेणं म्हणजे रोगालाच औषध समजणं. भांडी घासायच्या नळाला तो ठीक.

गॅसचा गिझर गणपतीत आणि मे महिन्यात, चाकरमान्यांनी घर भरलं की उपयोगी, कारण दहा जणांच्या अंघोळी ओळीने होतात आणि कोणाला थांबावं लागत नाही. पूर्ण ज्योतीवर तो मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस घेतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरवर सुमारे १५ तास. त्याला मिनिटाला अडीच लिटरची धार आणि ०.२-०.३ बार दाब आधी द्या, तरच घ्या. आणि तो न्हाणीघराच्या आत लावूच नका. बंद खोलीत ज्योतीला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, माणूस अंघोळ करता करता कोसळतो. पडवीच्या किंवा मागच्या पत्र्याच्या आडोशाला, पावसाचा सपका लागणार नाही अशा भिंतीवर लावा. गरम पाइपाची लांबी दोन मीटर वाढली तरी चालेल, पाऊण इंची ठेवा.

सौर हीटरच्या गरम पाण्याची धार बारीक असली तर आधी त्याची टाकी आणि थंड पाण्याची टाकी यांची उंची बघा. काचेच्या नळ्यांचा साधा संच दाबाचा नसतो. थंड टाकीचा तळ त्याच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा आणि त्याच्या हवेच्या नळीचं टोक थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून वर. ही नळी चुकली की गरम लाइनीत हवा भरते. अशा संचाच्या आधी पंप लावला तर टाकी फुटू शकते. पंप लावायचाच तर गरम बाजूला, गरम पाणी सोसणारा. आणि जून ते सप्टेंबर उन्हाचा भरवसा नाही, तेव्हा दुसरा गिझर किंवा चूल ठेवावीच लागते.

मग कोणत्या घरी काय?

तांब्या-बादलीने अंघोळ करणाऱ्या घरी १० लिटर दीड-दोन मिनिटांत भरत असतील तर सफाईपलीकडे काहीही करू नका. मिनिटाला पाच लिटर बादलीला भरपूर झाले. कौलारू घर, बुटका स्लॅब, शॉवर हवा आणि बजेट कमी: पाइप पाऊण इंची, मोठ्या भोकांचा साधा शॉवर, जुन्या पद्धतीचा दोन चाव्यांचा मिक्सर, शॉवर फूटभर खाली. एवढ्यावर बहुतेक घरांचं काम भागतं. त्यावर छोटा पंप पुढच्या वर्षी. दुमजली घरात खालच्या मजल्याला आपोआप पाच-सहा मीटर दाब असतो, तिथे धार बारीक असेल तर ९० टक्के शोध पाइप आणि जाळीतच घ्यावा. वरच्या मजल्याला मात्र पंपच. टाकी चढवण्याचा खर्च आम्ही फक्त तिथे सुचवू जिथे वीज वारंवार जाते, पाइप आधीच पाऊण इंची आहे आणि गवंडीकाम कोणत्यातरी कारणाने निघालेलंच आहे.

वर्षातले दहा महिने बंद राहणाऱ्या घराची गोष्ट वेगळी. तिथे गॅस गिझरचा रबरी पडदा सुकून चिकटतो, सेल फुटून खटक्यावर पांढरा क्षार जमतो, आणि कुंभारमाशी बर्नरच्या तोंडात मातीचं घर बांधून ठेवते. गणपतीच्या आदल्या रात्री गिझर फटफट आवाज करत अर्धाच पेटतो. घराला कुलूप लावताना सेल काढून ठेवा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, विजेच्या गिझरची टाकी खालून रिकामी करा, गॅस गिझरवर जुनं पातळ कापड बांधा. आल्यावर आधी कापड सोडा, बर्नरच्या नळीत टॉर्च मारा, टाकीचं पहिलं पाच-दहा मिनिटांचं पाणी गिझर वगळून थेट आगराला सोडा, जाळी धुवा, आणि मगच पहिली बादली लावा.